पाटीवर नाव कोणाचं? कोल्हापुरी चपलेविषयी

खालच्या दालनात पादत्राणांचं प्रदर्शन लागलंय. बरेच जण ते बघूनच वर आलेले दिसतात. राहिलं असेल तर जाताना बघा. पहिल्या भिंतीवर जगातली जुनी पादत्राणं छायाचित्रांत आहेत. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या फोर्ट रॉक गुहेतल्या, सालीपासून विणलेल्या वहाणा 9000 वर्षांहून जुन्या आहेत. आर्मेनियातल्या अरेनी गुहेतला चामडी जोडा साधारण 5500 वर्षांपूर्वीचा. पण आज आम्ही बोलणार आहोत ते शेवटच्या कपाटातल्या जोडाबद्दल. म्हणजे खरं तर आमच्या चुकीबद्दल.

त्या जोडाखाली आम्ही पाटी लावली होती : 'कोल्हापुरी चप्पल. चामडे. कारागीर अज्ञात.' पहिल्याच आठवड्यात कागलकडचे एक वयस्क कारागीर आले. काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, कातडं कोणी कमावलं ते लिहिलं नाही, वेणी कोणी घातली ते लिहिलं नाही. मग लिहिलं काय?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आधी ही चप्पल बनते कशी ते बघू.

कच्चं कातडं धुऊन चुन्याच्या पाण्यात ठेवतात, त्यानं केस सुटतात. मग बाभळीची साल आणि हिरडा. या दोन्हींत टॅनिन भरपूर असतं. ते कातड्यातल्या तंतूंना घट्ट धरून ठेवतं, म्हणून कातडं कुजत नाही. त्याचं चामडं होतं. जुनी रीत अशी, की कातडं पिशवीसारखं शिवायचं, टांगायचं आणि त्यात साल-हिरड्याचं पाणी भरायचं. पाणी झिरपतं, पुन्हा भरायचं. दिवसच्या दिवस हे चालतं. वासाचं, ओल्याचं, कंबर मोडणारं काम. हे पिढ्यान् पिढ्या केलं ढोर समाजानं. पुढे रापीनं कापणं, आरीनं भोकं पाडणं, चामड्याच्याच वादीनं शिवणं हे चर्मकारांचं. अस्सल जोडात खिळा नसतो. तळाला म्हशीचं जाड चामडं, वरच्या पट्ट्याला मऊ. आणि पट्ट्यावरची ती बारीक वेणी बहुतेक घरांत बायका घालतात. म्हणजे एका जोडात किती हात झाले, मोजा!

आता एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गावगाड्यात चर्मकाराचं पोट नुसत्या चपलांवर नव्हतं. विहिरीवरची मोट चामड्याची असायची, ती शिवणं-सांधणं त्याच्याकडे, आणि त्याबद्दल बलुतं मिळे. इंजिनं आणि विजेचे पंप आले, मोट गेली, तिच्याबरोबर ते बलुतंही गेलं. शेतकऱ्याची सोय झाली, त्यात वाईट काही नाही. पण चर्मकाराच्या घरात काय झालं, हे विचारायला कोणी गेलं नाही. अलीकडे 2015च्या कायद्यानं राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि चामडं मिळणं आणखी अवघड झालं.

आणि ज्यांनी जोडे शिवले त्यांच्या पायांचं काय? कितीतरी गावांत दलितांना वरच्या जातींच्या वाड्यांसमोरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. प्रदर्शनात हे नव्हतंच. सुंदर वस्तू मांडताना अशा गोष्टी कशा गळतात, हे आम्हालाही तेव्हाच कळलं.

2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. काही जणांना कर्नाटकचं नाव खुपतं. आम्हाला विचाराल तर ते बरोबरच आहे; कारागीर सीमारेषा आखण्याच्या आधीपासून दोन्हीकडे आहेत.

मग जून 2025मध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये अशाच चपला दिसल्या, कोल्हापूरचा उल्लेख नाही. केवढा गदारोळ झाला! टीका झाल्यावर कंपनीनं भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. आम्हीही तेव्हा तावातावानं बोललो होतो. आणि आमच्या पाटीवर काय होतं? 'अज्ञात.'

पाटी बदलली आहे. ज्या कुटुंबाकडून जोड आला, त्यांना शोधून आम्ही विचारलं. कातडं कमावणारे, शिवणारे, वेणी घालणारी अशी तीन नावं त्यांनी सांगितली. तिसरं नाव आजीचं. ते आठवायला घरातल्यांना जरा वेळ लागला. तिन्ही नावं आता चपलेच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत आहेत. ते कागलचे काका पुढच्या रविवारी येणार आहेत, आरी-रापी घेऊन. प्रश्न त्यांनाच विचारा.