ट्रॉलीच्या मागील दिव्याची तपासणी

उसाची ट्रॉली रात्री रस्त्याने नेताना मागील दिवा बंद असल्यास मागून येणारे वाहन तिच्यावर आदळण्याचा धोका असतो. जुन्या ट्रॅक्टरवरील तारा पुष्कळदा मागाहून बदललेल्या असतात. सबब रंगावर न विसंबता स्विचपासून दिव्यापर्यंत तारेचा माग काढावा.

बॅटरी १२ व्होल्टची असल्यास तेवढ्याच व्होल्टच्या लहान बल्बास दोन तारा जोडाव्यात. स्विच चालू करून एक तार दिव्याच्या तारेस व दुसरी ट्रॅक्टरच्या खरवडलेल्या लोखंडास लावावी. बल्ब न पेटल्यास फ्यूज, स्विच व सांधे तपासावेत. पेटल्यास दुसरी तार ट्रॉलीच्या सांगाड्यास लावावी. तेथे न पेटल्यास जोडकडीच्या गंजाने परतीचा मार्ग तुटला आहे असे समजून स्वतंत्र तार जोडावी. फ्यूजऐवजी साधी तार कदापि घालू नये; त्यामुळे आग लागण्याचा संभव असतो.