सामायिक कपाटाच्या किल्ल्या

केस पेपर पुठ्ठ्याच्या फायलींत बांधून ठेवले जात, तेव्हा अभिलेख कक्षाची किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांस ठाऊक असे. आता प्रयोगशाळेचे अहवाल, क्ष-किरण तपासणीचे निष्कर्ष आणि सवलतीसाठी आलेले रुग्णांचे अर्ज सर्व्हरवरील सामायिक फोल्डरमध्ये असतात. त्यांची किल्ली डोळ्यांना दिसत नाही. ती कशी दिली जाते आणि कशी काढून घेतली जाते, याची माहिती आमच्या आजीव सभासदांना व देणगीदारांना असावी, म्हणून हे टिपण.

या कामासाठी 'सांबा' ही मुक्त संगणकप्रणाली उपयोगी पडते. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात विद्यार्थिदशेत १९९१-९२ च्या सुमारास तिची पहिली आवृत्ती लिहिली. परवाना शुल्क नसल्याने धर्मादाय संस्थेस ती परवडते. लिनक्स सर्व्हरवरील फोल्डर ती विंडोज संगणकांस उपलब्ध करून देते. मात्र तिच्यात चित्रे आणि बटणे नाहीत. 'एसएमबी डॉट कॉन्फ' या मजकुराच्या फाइलमध्ये ओळी लिहावयाच्या आणि आज्ञा टंकित करावयाच्या, अशी तिची रीत आहे.

प्रयोगशाळेच्या अहवालांचे उदाहरण घेऊ. त्या फोल्डरखाली 'व्हॅलिड यूजर्स' या ओळीत प्रयोगशाळा आणि डॉक्टर या दोन गटांची नावे लिहिली, की इतरांस प्रवेश बंद होतो. ही ओळ लिहावयाची राहिली, तर सर्व्हरवर खाते असलेला कोणीही आत येऊ शकतो. 'रीड ओन्ली' ही अट मुळातच लागू असते. 'राइट लिस्ट' मध्ये केवळ प्रयोगशाळेचा गट घातला, म्हणजे डॉक्टर अहवाल वाचू शकतात, पण हिमोग्लोबिनचा आकडा बदलू शकत नाहीत. 'ब्राउजेबल' ही ओळ नकारार्थी केल्याने फोल्डर यादीत दिसेनासा होतो इतकेच. नाव ठाऊक असलेल्याला ते टंकित करून तेथे जाता येते. पडदा ओढला म्हणजे कुलूप लागले, असे नव्हे.

सांबाच्या या दरवाजामागे लिनक्सचा स्वतःचा दुसरा दरवाजा असतो आणि दोन्हींची संमती लागते. गोंधळ बहुधा येथेच होतो. मूळ मांडणीत नव्या फाइलला ०७४४ हा अधिकारांक मिळतो. त्यामुळे ती वाचता सर्वांस येते, परंतु बदलता केवळ ती तयार करणाऱ्यालाच येते. दिवसपाळीच्या तंत्रज्ञाने सुरू केलेला अहवाल रात्रपाळीच्या सहकाऱ्यास पूर्ण करता येत नाही. मग कोणीतरी वैतागून फोल्डरला ७७७ देऊन मोकळे होतो, म्हणजे दुसरा दरवाजा बिजागरीसकट काढून ठेवतो! योग्य उपाय असा की, 'क्रिएट मास्क' ०६६० करावा आणि फोल्डरला २७७० द्यावा. त्यातील २ मुळे नवी फाइल आपोआप त्या फोल्डरच्या गटाची होते. गटातील सर्व लिहू शकतात आणि बाहेरच्यांस काहीच मिळत नाही.

किल्ली परत घेणे त्याहून नाजूक आहे. कर्मचारी सोडून गेला, की 'एसएमबीपासडब्ल्यूडी' या आज्ञेस 'डी' हा पर्याय जोडून त्याचे खाते निष्क्रिय करावयाचे. परंतु मांडणीतील फेरबदल आधीच जोडल्या गेलेल्या संगणकावर लागू होत नाहीत. सकाळी उघडलेला फोल्डर सायंकाळपर्यंत उघडाच राहू शकतो. म्हणून 'एसएमबीस्टेटस' ने कोण जोडलेले आहे ते पाहून ती जोडणी तोडावी लागते.

एका खिडकीवरील चौघांनी एकच खाते वापरणे ही आणखी एक जुनी खोड. फाइल कोणी उघडली, कोणी पुसली याची नोंद सांबाला ठेवता येते. पण चौघांचे नाव एकच असेल, तर त्या नोंदीचा उपयोग काय?

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' ने विंडोजमधील फाइल-वाटपाच्या दोषातून शिरकाव करून ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे काम खोळंबविले. त्याच महिन्यात सांबातही एक दोष उघडकीस आला. फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार असलेल्यास त्यायोगे सर्व्हरवर आपली प्रणाली चालविता येत असे. दोष दुरुस्त झाला, तरी 'राइट लिस्ट' आखूड का असावी हे त्यावरून समजते. एचआयव्ही व एड्सविषयक २०१७ च्या कायद्याने अशा रुग्णांच्या नोंदी सुरक्षित राखण्याचे बंधन संस्थांवर घातले आहे. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्या अहवालांसाठी स्वतंत्र फोल्डर आणि स्वतंत्र, छोटा गट असणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

ही कामे एकट्या संगणक विभागाने करावयाची नाहीत. कोणाची बदली झाली, कोण निवृत्त झाले, कोणाचे प्रशिक्षण संपले, हे आस्थापना विभागास प्रथम कळते. तेव्हा अशा प्रत्येक आदेशाची प्रत त्याच दिवशी संगणक विभागाकडे गेली पाहिजे.