तलावाचे पाणी आणि देखभालीचा हिशेब

उन्हाळ्याची सुटी लागली की मुलांचे पाय पोहण्याच्या तलावाकडे वळतात. गेल्या उन्हाळ्यात प्रस्तुत लेखकही आपल्या मुलाला घेऊन अशाच एका सार्वजनिक तलावावर गेला होता. तलाव नवा, निळ्या फरशीचा; त्याला जोडूनच एका कडेला गरम, बुडबुडणाऱ्या पाण्याचे छोटे कुंड. या कुंडाला हल्ली ‘स्पा’ म्हणतात. पाणी नितळ दिसत होते. मात्र पंपघरातून कसलाच आवाज येत नव्हता. चौकशी करता तेथील माणूस सहज म्हणाला, ‘‘साहेब, पंप सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. विजेचं बिल कोण भरणार?’’ हा प्रश्न साधा वाटला, तरी त्यात आपल्या सार्वजनिक जीवनातील एक जुने दुखणे दडलेले आहे.

तलावातील पाणी रोज बदलले जात नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेच पाणी तळातून आणि काठावरून ओढून घ्यायचे, वाळूच्या गाळणीतून न्यायचे, जंतुनाशक मिसळून परत सोडायचे, असे त्याचे अभिसरण अखंड चालावे लागते. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.६ मीटर खोल तलावात पाच लाख लिटर पाणी मावते. ते सहा तासांत एकदा फिरवायचे म्हटले, तर पंपाला ताशी सुमारे ८३ हजार लिटर पाणी ओढावे लागेल. परंतु एक फेरी पूर्ण झाली म्हणजे सारे पाणी गाळून झाले, असे मात्र नाही. गाळलेले पाणी न गाळलेल्या पाण्यात मिसळत राहते आणि तेच पुन्हा पंपाकडे येते. परिणामी, पाणी एकसारखे मिसळत आहे असे धरले, तर पहिल्या फेरीअखेर ६३ टक्के, दुसरीअखेर ८६, तिसरीअखेर ९५ आणि चौथीअखेर ९८ टक्के पाणी गाळणीतून गेलेले असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे घटत्या फलाचा नियम आठवल्यावाचून राहणार नाही. चार फेऱ्या म्हणजे चोवीस तास. दिवसातून चारच तास पंप चालवणाऱ्या तलावात निम्मेही पाणी गाळले जात नाही, आणि तेवढ्या वेळात पोहणाऱ्यांच्या अंगचा घाम, तेल आणि मळ यांची नवी भर पडतच असते.

गाळणीतून सुटलेल्या जंतूंचा समाचार क्लोरीनने घ्यायचा असतो. तलावाच्या पाण्यात दर दहा लाख भागांस किमान एक भाग मोकळा क्लोरीन असावा, असे मानतात. येथेही एक गैरसमज रूढ आहे. डोळे चुरचुरले आणि उग्र वास आला की औषध भरपूर टाकले आहे, असे लोक समजतात. वस्तुतः तो वास बहुतांशी घाम व मूत्र यांच्याशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. म्हणजे ती अस्वच्छतेचीच खूण होय. शिवाय पाण्याचा सामूही सांभाळावा लागतो. सामू ७.५ असताना मोकळ्या क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग प्रभावी रूपात असतो. सामू ८ वर गेला की तो जेमतेम पाव उरतो. औषध तेवढेच, खर्चही तेवढाच. गुण मात्र निम्मा!

जोडून असलेल्या कुंडाची गोष्ट याहून नाजूक आहे. चार हजार लिटरच्या कुंडात पाच माणसे बसली, तर दरडोई पाण्याच्या हिशेबाने मोठ्या तलावात एकाच वेळी ६२५ माणसे उतरल्यासारखे होते. गरम पाण्यातून आणि बुडबुड्यांमुळे क्लोरीन झपाट्याने नाहीसा होतो. म्हणून तेथे त्याचे प्रमाण किमान तीन भाग ठेवण्याची शिफारस केली जाते आणि पाणीही अर्ध्या तासात एकदा तरी फिरवावे लागते. अनेक ठिकाणी तलाव आणि कुंड मिळून एकच पंप व एकच गाळणी असते. कुंडाकडची झडप कोणी बंद ठेवली, तर कुंडातले आणि नळ्यांतले पाणी साचून राहते, नळ्यांच्या आत बुळबुळीत थर धरतो, आणि त्या थरात लिजिओनेला नावाच्या जंतूला आयता आसरा मिळतो. १९९९ साली नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथे एका फुलांच्या प्रदर्शनात असेच एक कुंड केवळ शोभेसाठी मांडले होते. त्याच्या तुषारांतून हा जंतू जवळून जाणाऱ्यांच्या फुप्फुसांत शिरला आणि किमान ३२ माणसे प्राणास मुकली.

मग हे सारे ठाऊक असूनही पंप बंद का राहतात? उत्तर अर्थकारणात आहे. तलाव बांधणे हा भांडवली खर्च. त्याला अनुदान मिळते, कोनशिला बसते, फीत कापली जाते. वीज, क्लोरीन, गाळणीची वाळू आणि जाणत्या कामगाराचा पगार हा आवर्ती खर्च. त्याचा समारंभ होत नाही. देखभालीचे फळ म्हणजे न झालेला आजार, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही. त्यातच तिकीट काढणाऱ्याला पाण्याकडे पाहून त्याचा कस कळत नाही. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की मालाचा कस गिऱ्हाइकाला पारखता येत नसेल, तर चांगला माल बाजारातून हटत जातो. तलावाचे पाणी याला अपवाद कसे असेल?

उपाय मोठे खर्चिक नाहीत. तलावास मंजुरी देतानाच त्याच्या देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी. क्लोरीन, सामू आणि पंप चालल्याचे तास यांची नोंद दिवसातून निदान तीनदा प्रवेशद्वारापाशी फळ्यावर लिहावी. ज्याला पोहायचे आहे त्याने आधी तो फळा वाचावा. आणि आपणही पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून अंघोळ करावी. एकाने केलेला आळस येथे सर्वांना भोवतो.

‘बिल कोण भरणार?’ असे त्या कामगाराने विचारले, यात त्याचा दोष नाही. तो प्रश्न त्याने वरिष्ठांकडूनच ऐकला असणार. पण बिल हे कोणी ना कोणी भरतेच. ते वीजमंडळाकडे भरले नाही, तर कानाच्या दुखण्याने रात्रभर कळवळणाऱ्या मुलाचे आईबाप ते दवाखान्यात भरतात. आणि त्याची पावती कुठल्याही नगरपालिकेच्या दप्तरात लागत नाही.