आडोशामागचे पाहणारा कॅमेरा

अलिबाग, प्रतिनिधी

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात तटाच्या वळणापलीकडे कोण उभे आहे, हे वळण ओलांडल्याखेरीज दिसत नाही. मात्र भिंतीवरून विखुरणाऱ्या प्रकाशाची पुरेशी सूक्ष्म कालनोंद ठेवता आली, तर आडोशामागील वस्तूचा आकारही गणिताने काढता येतो. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमधील संशोधकांनी २०१२ मध्ये ते प्रयोगाने सिद्ध केले. या गटाचे प्रमुख होते मूळचे नाशिकचे डॉ. रमेश रासकर.

प्रोजेक्टरपासून सुरुवात

कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रातून संगणकाने अर्थ काढणे म्हणजे संगणकीय दृष्टी. रासकर या विषयाकडे वळले ते आडवाटेने. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील विभागात डॉक्टरेटसाठी गेले. खोलीच्या ओबडधोबड भिंतींवरही प्रोजेक्टरने निर्दोष चित्र कसे उमटवावे, हा तेथील प्रश्न होता. त्यासाठी भिंतीचा आकार आधी कॅमेऱ्याने मोजणे भाग होते. दाखवण्याच्या प्रश्नातून पाहण्याचा प्रश्न उभा राहिला तो असा. २००२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काम करून २००८ मध्ये ते एमआयटीत दाखल झाले.

प्रकाशाची कालनोंद

प्रकाश सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात जेमतेम ०.३ मिलिमीटर अंतर कापतो. प्रयोगात लेसरचा झोत समोरच्या भिंतीवर सोडला गेला. तेथून विखुरलेले किरण आडोशामागील वस्तूवर आदळून पुन्हा भिंतीमार्गे कॅमेऱ्यात परतले. कोणता किरण किती उशिरा आला, यावरून संगणकाने अंतरे काढली आणि आकार जुळवला. एका झोताचा परतलेला प्रकाश अत्यल्प असल्याने असंख्य झोतांच्या नोंदी एकत्र कराव्या लागल्या.

याच प्रयोगशाळेत २०१० मध्ये मोबाइलला जोडून चष्म्याचा नंबर काढणारे 'नेत्रा' हे स्वस्त उपकरण साकारले. २०१६ मध्ये रासकर यांना पाच लाख डॉलरचे लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळाले.

खर्च पैशांचा की वर्षांचा?

परदेशी शिक्षण म्हटले की पालकांपुढे प्रथम कर्जाचा आकडा उभा राहतो. पदव्युत्तर पदवीबाबत ही धास्ती बहुधा खरी असते. डॉक्टरेटचे गणित मात्र निराळे आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत निवड झालेल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला संशोधन वा अध्यापन साहाय्यक म्हणून शुल्कमाफी व विद्यावेतन मिळते. खरी किंमत असते ती पाच-सहा वर्षांची, आणि त्या काळात हाती काहीच न लागण्याच्या जोखमीची.

लोणेरे येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठामुळे रायगडच्या मुलांना अभियांत्रिकीचे दार जिल्ह्यातच उघडले. पुढच्या वाटेसाठी रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि प्रकाशशास्त्र पक्के हवे. या क्षेत्रातील महत्त्वाचे बरेचसे शोधनिबंध आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. विषयाचे नाव ठरवण्याआधी वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्याजोगा प्रश्न शोधावा, हाच रासकर यांच्या वाटचालीचा धडा आहे.