निळे मूल आणि शस्त्रक्रियेची पूर्वतयारी

मोठ्या शस्त्रक्रियेचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे प्रखर दिवा, पांढरे टेबल आणि तोंडावर पट्टी बांधलेला शल्यविशारद उभा राहतो. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. रोगी जर लहान मूल असेल, तर त्या टेबलावर जे घडावयाचे असते त्याची निम्मी सिद्धता आधीचे कित्येक आठवडे घरी होत असते, आणि ती करणारी माणसे म्हणजे आई, बाप, आजी आणि शेजारीपाजारी. ही सिद्धता कशी करावयाची, आणि प्रत्येक गोष्टीमागे कारण काय, एवढेच आज आम्हाला सांगावयाचे आहे. उदाहरणासाठी आम्ही एकच जन्मजात व्यंग घेतो, म्हणजे विवेचन मोघम होणार नाही.

हे व्यंग हृदयाचे आहे. दहा हजार जन्मांत साधारण तीन ते पाच मुलांत ते आढळते. फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य एत्येन-लुई फॅलो यांनी १८८८ साली त्याचे सुसंगत वर्णन केले, म्हणून त्याला ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’, म्हणजे फॅलोचे चतुष्टय, असे म्हणतात. हृदय हे चार खोल्यांचे दुमजली घर आहे असे समजा. उजव्या बाजूच्या खोल्या शरीरातून आलेले काळसर रक्त फुप्फुसांकडे धाडतात. डाव्या बाजूच्या खोल्या फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त महाधमनीवाटे सर्व शरीराला पुरवितात. दोन्ही बाजूंच्या मध्ये भक्कम भिंत असते. या व्यंगात तळमजल्याच्या भिंतीला मोठे भोक राहते. फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद होते. महाधमनी नेमकी भोकावर, दोन्ही खोल्यांवर स्वार होऊन बसते. आणि अरुंद वाटेतून रक्त रेटता रेटता उजव्या खोलीची भिंत जाड होते. यांतील चौथा दोष हा दुसऱ्याचाच परिणाम होय. फुप्फुसांकडे जाण्यास वाट नाही म्हणून काळसर रक्त भोकाच्या वाटेने महाधमनीत शिरते, आणि मुलाचे ओठ, जीभ व नखे निळी दिसू लागतात.

असे मूल चार पावले धावले की उकिडवे बसते. त्याला कोणी आळशी म्हणतात, कोणी हट्टी. वस्तुतः ते मूल स्वतःचा उपचार स्वतःच करीत असते. उकिडवे बसल्याने पायांकडील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडे जाणाऱ्या वाटेवरचा विरोध वाढतो आणि त्यामुळे अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. तान्ह्या मुलाला हे करता येत नाही. रडता रडता ते एकाएकी गडद निळे पडले, धापा टाकू लागले, तर त्याला उराशी धरून त्याचे गुडघे पोटाशी दाबावे, शांत करावे आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या प्रत्येक घरात ही कृती सर्वांना आली पाहिजे. आई पाण्याला गेली असता आजीलाही आली पाहिजे.

या मुलांना एके काळी उपायच नव्हता. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एका सव्वा वर्षाच्या मुलीच्या हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडली व फुप्फुसांना रक्ताचा नवा पाट काढून दिला. ही कल्पना हेलन टाउसिग या बालहृदयतज्ज्ञ बाईंची; आणि जोडणी आधी कुत्र्यांवर करून पाहून तिचे तंत्र बसविणारे व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय साहाय्यक त्या वेळी ब्लॅलॉक यांच्या पाठीशी उभे राहून सूचना देत होते. पुढे १९५४ साली मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी दुसऱ्या जिवंत माणसाच्या रक्ताभिसरणाचा आधार घेऊन मुलाचे हृदय उघडले, भोक बुजविले आणि अरुंद वाट मोकळी केली. नंतर त्या माणसाची जागा यंत्राने घेतली. आज सोयी असतील तेथे ही दुरुस्ती बहुधा वयाच्या पहिल्या वर्षातच करतात. तथापि आपल्याकडे पुष्कळ मुले उशिरा, चालू-बोलू लागल्यावर, कधी शाळेत गेल्यावर शस्त्रक्रियेपर्यंत पोचतात. तेव्हा शरीराबरोबर मनाचीही तयारी करावी लागते.

प्रथम शरीराची तयारी पाहू. तिच्यात पहिले नाव पाण्याचे. प्राणवायू कमी पडतो म्हणून या मुलांचे शरीर तांबड्या पेशी अधिक निर्माण करते आणि रक्त दाट होते. त्यात वैशाखाचा उन्हाळा, जुलाब किंवा वांत्या यांची भर पडली की रक्तात गुठळी होऊन ती मेंदूत अडकण्याचे भय असते. म्हणून या मुलाला तहानलेले ठेवू नये, आणि जुलाब लागल्यास उद्या पाहू असे म्हणू नये.

दुसरे, लोह. रक्त दाट असूनही त्यात लोहाची उणीव असू शकते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पेशी संख्येने पुष्कळ, पण प्रत्येक पेशी रोड, अशी ही स्थिती असते. तपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिनचा आकडा चांगला दिसतो आणि घरचे निश्चिंत होतात. म्हणून लोहाची तपासणी वेगळी करवून घ्यावी, आणि औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच द्यावे. जेवणाबरोबर मुलाला चहा देण्याची सवय मोडावी. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही.

तिसरे, दात. हृदयाच्या शस्त्रक्रियेचा दाताशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. किडक्या दातातून जंतू रक्तात शिरतात. निरोगी माणसात शिरांतले रक्त आधी फुप्फुसांच्या चाळणीतून जाते. येथे ते भोकातून थेट महाधमनीत जाते. त्यामुळे हृदयाच्या अस्तराला जंतुदोष होण्याचा, क्वचित मेंदूत गळू होण्याचाही संभव असतो. दात दाखवावयाचे ते शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्हे, कित्येक आठवडे आधी. आणि दंतवैद्याला हृदयाचे व्यंग प्रथम सांगावे, कारण दात काढण्यापूर्वी जंतुनाशक औषध द्यावे लागते.

चौथी गोष्ट, आमच्या मते, सर्वांत कठीण आहे. महिनोन्महिने वाट पाहून तारीख मिळते आणि दोन दिवस आधी मुलाला सर्दी-ताप येतो. तारीख जाईल या भीतीने घरचे ताप लपवितात. ही भीती आम्ही समजू शकतो. पगार बुडवून, उसने पैसे घेऊन आलेल्या बापाला ‘पुन्हा या’ हे शब्द फार जड जातात. परंतु सुजलेल्या श्वासनलिकेवर भूल देणे आणि हृदय थांबविणे यांत मुलाच्या जिवाला धोका वाढतो. गेलेली तारीख पुन्हा मिळते. तसेच चालू असलेली सर्व औषधे, काढे व चूर्णेसुद्धा, न संकोचता सांगावी. काही मुलांत बाविसाव्या गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालेला असतो. त्यांच्यात रक्तातील कॅल्शियम व प्रतिकारशक्ती कमी असू शकते. हे आधी कळले तर रक्त देण्याची व्यवस्थाही त्याप्रमाणे वेगळी करता येते.

पाचवी गोष्ट उपासाची. साधारणतः भूल देण्यापूर्वी सहा तास अन्न व वरचे दूध, चार तास आईचे दूध आणि दोन तास, काही ठिकाणी एक तास, साधे पाणी बंद ठेवतात. पोटातले अन्न भुलीत वर येऊन फुप्फुसात जाऊ नये हा त्यातील हेतू. म्हणून ‘बिचारे भुकेले आहे’ म्हणून आजीने पदराआडून बिस्किट देणे हे प्रेम नव्हे, संकट होय. पण उलट बाजूही आहे. रक्त दाट असलेल्या मुलाला रात्रभर कोरडे ठेवणेही घातक, म्हणून पाणी शेवटचे केव्हा द्यावयाचे हे परिचारिकेला घड्याळ दाखवून विचारून घ्यावे.

आता मनाची तयारी. लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक चित्रपट काढला. दोन वर्षांची मुलगी आठ दिवस रुग्णालयात आईवाचून राहते आणि हळूहळू कशी मिटत जाते, एवढेच त्यात दाखविले होते. पुष्कळ डॉक्टर त्यावर रागावले. परंतु १९५९ साली तेथील प्लॅट समितीने आईबापांना मुलाजवळ मुक्तपणे येऊ द्यावे व लहान मुलाबरोबर आईलाही ठेवून घ्यावे, अशी शिफारस केली. आज अतिदक्षता विभागात आईला किती वेळ बसू देतात, हे दाखल होण्यापूर्वी विचारून ठेवावे.

आपल्याकडे मुलाला रुग्णालयात नेताना ‘मामाकडे चाललो’, ‘जत्रेला चाललो’ असे सांगण्याची रीत आहे. हेतू मायेचा असतो. परंतु जत्रेच्या नावाने निघालेल्या मुलाला जेव्हा सुई टोचली जाते, तेव्हा ते सुईपेक्षा आईला अधिक भिऊ लागते. आणि पुढचे दहा-पंधरा दिवस त्याला धीर देण्यास तीच तेवढी असते. तो विश्वास आपण पहिल्याच दिवशी खर्चून टाकतो. म्हणून खरे सांगावे, वयाच्या मानाने सांगावे. तीन वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी पुरे. सहा-सात वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सांगावे, म्हणजे त्याला प्रश्न विचारावयास सवड मिळते. ‘तुझ्या हृदयाची एक वाट अरुंद आहे, डॉक्टर ती मोठी करणार आहेत. त्या वेळी औषधाची झोप असेल, काही कळणार नाही. जागा झालास की छातीला दुखेल, पण त्यावर औषध आहे. मी जवळ येईन.’ ही झोप रोजच्या झोपेहून निराळी आहे हेही सांगावे, नाहीतर मूल पुढे रात्री झोपावयास भिते. ‘टोचणार नाहीत’ असे वचन देऊ नये. ‘त्रास दिलास तर डॉक्टरांना सांगेन’ ही धमकी तर घरातून हद्दपार करावी, कारण मुलाला आजार ही शिक्षा वाटते.

बाहुलीच्या छातीवर पट्टी आणि नाकातोंडात नळ्या लावून दाखवाव्यात. शुद्धीवर आल्यावर घशात नळी असेल तोवर बोलता येणार नाही. तेव्हा दुखते, तहान लागली, आई हवी, यांच्या खुणा आधीच ठरवाव्यात. भिरभिरे फुंकण्याचा व साबणाचे फुगे उडविण्याचा खेळ आधीपासून खेळावा. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसे उघडी ठेवण्यास तोच व्यायाम होतो.

आणखी एका व्यक्तीची तयारी राहते, ती आईची. ग्रहणात भाजी चिरली, म्हणून मूल असे झाले, हा आरोप तिने अनेकदा ऐकलेला असतो. हृदयाची मूळ घडण गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांतच होते. बहुतेक वेळा व्यंगाचे एक निश्चित कारण सांगता येत नाही, आणि ग्रहणाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. मनात अपराध घेऊन बसलेली आई मुलाला धीर कोठून देणार? तो आरोप थांबविणे हे घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे.

आपले, म्हणजे गावाचे, कामही थोडके नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघर येथून सुरू झाला. त्यात अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होऊन अशी व्यंगे हुडकली जातात. आपल्या आळीत खेळता खेळता उकिडवे बसणारे, निळ्या ओठांचे मूल दिसले तर त्याला तेथवर पोचवावे. शस्त्रक्रियेसाठी रक्त द्यावे. मागे राहिलेल्या भावंडाला दोन वेळ जेवू घालावे. आणि मूल परत आले की ‘आता खडखडीत बरा’ म्हणून त्याची तपासणी सुटू देऊ नये. दुरुस्त केलेल्या हृदयाची फुप्फुसाकडील झडप पुढे गळू लागते, काहींना मोठेपणी पुन्हा शस्त्रक्रिया लागते. म्हणून जन्मभर तपासणी हवी. ती नियमाने झाली तर यांतील बहुतेक मुले शाळा शिकतात, नोकरीधंदा करतात, संसार मांडतात. सुरी चालवावयाची ती शल्यविशारदाने. पण त्याच्या हाती मूल कोणत्या स्थितीत द्यावयाचे, हे आपल्याच हाती आहे.