जंगल वाटून टाकलं म्हणे!

वनहक्क कायद्याचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: मतांसाठी सरकारनं आदिवासींना जंगल वाटून टाकलं, आता उरलंसुरलंही तोडून खातील. हे बोलणारे बहुतेक शिकलेले असतात, झाडांबद्दल त्यांना खरी कळकळ असते, आणि म्हणूनच हा गैरसमज इतका चिवट आहे. नुसत्या आकसानं बोलणाऱ्याला उत्तर दिलं नाही तरी चालतं. कळकळीनं बोलणाऱ्याला मात्र द्यावं लागतं, आणि तेच उत्तर दहा-पंधरा वर्षं देत राहिलं की आवाज थोडा चढतोच. या एका वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. कायद्यानं कुणाला तरी काहीतरी नव्यानं दिलं, ही पहिली. आणि ज्याला दिलं तो ते संपवणार, ही दुसरी. दोन्ही तपासून पाहायला अवघड नाहीत, पण तपासण्याची तसदी फारसं कुणी घेत नाही.

पहिलीपासून सुरुवात करू. २००६ साली संसदेनं मंजूर केलेला आणि ३१ डिसेंबर २००७ रोजी लागू झालेला हा कायदा जमीनवाटपाचा नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो वनजमीन कसत होता आणि कसतच राहिला, त्याचा तेवढ्याच जमिनीवरचा हक्क हा कायदा मान्य करतो. चार हेक्टर ही कमाल मर्यादा आहे. एक एकर कसणाऱ्याला एक एकराचाच पट्टा मिळतो. ही जमीन वारसांकडे जाते, पण विकता येत नाही. त्यामुळे ‘उद्या बिल्डरला विकतील’ ही भीती कायदा न वाचल्याची खूण आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. आदिवासी नसलेल्यांनाही दावा करता येतो, फक्त त्यांना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास आणि जंगलावरचं अवलंबन दाखवावं लागतं. थोडक्यात, कायदा लागू झाल्याच्या दिवशी जिथे उभं जंगल होतं, तिथे शेत करण्याची परवानगी या कायद्यात कुठेही नाही.

मग हे लोक आधी ‘अतिक्रमक’ कसे ठरले, हा प्रश्न उरतो. इंग्रजांच्या १८७८ च्या वन कायद्यानं जंगलं राखीव करायला सुरुवात झाली तेव्हा तिथे राहणाऱ्यांच्या हक्कांची चौकशी करून नोंद करायची, असं कागदावर ठरलं होतं. अनेक ठिकाणी ती चौकशी झालीच नाही, किंवा उरकली गेली. पुढे मध्य प्रांतातल्या, म्हणजे आजच्या गडचिरोली-चंद्रपूरच्या भागातल्या, जमीनदाऱ्या १९५१ च्या सुमारास संपल्या. तिथली जंगलं सरकारजमा झाली, आणि घरबांधणीचं लाकूड, बांबू, गुरांची चराई असे गावाचे जे निस्तार हक्क होते ते हळूहळू आक्रसत गेले. गाव जागचं हललं नाही, पण त्याच्याभोवतीची कायद्याची रेघ पुढे सरकली. वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकेतच याला ऐतिहासिक अन्याय म्हटलेलं आहे.

आता दुसरं गृहीतक, जे जास्त महत्त्वाचं आहे. आदिवासींच्या हाती जंगल गेलं की ते संपतं, असं असेल तर महाराष्ट्राचा नकाशा उलटा दिसायला हवा होता. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांनुसार राज्यातलं सर्वाधिक जंगल गडचिरोली जिल्ह्यात आहे: सुमारे ९,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्याच्या दोन-तृतीयांशाहून जास्त क्षेत्र. राज्याच्या पाच टक्क्यांहून कमी भूभागात राज्याचं जवळपास पंचमांश जंगल उभं आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्या जिल्ह्यात ३८ टक्क्यांहून जास्त लोक गोंड, माडिया, परधान अशा अनुसूचित जमातींचे आहेत. इथे चाणाक्ष वाचक हरकत घेईल, आणि घ्यावीच: जंगल टिकलं ते भाग दुर्गम होता म्हणून, त्यात तिथल्या लोकांचं काय कर्तृत्व? हरकत रास्त आहे. रस्ते, रेल्वे आणि बाजारपेठ जिथे उशिरा पोचली तिथे कुऱ्हाडही उशिरा पोचली, हे खरं. शिवाय हे सर्वेक्षण एक हेक्टरहून मोठ्या आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलेल्या कुठल्याही झाडोऱ्याला वनाच्छादन मानतं, मग ते सागाचं रोपवन का असेना. म्हणून नुसता जिल्ह्याचा आकडा पुरावा म्हणून पुरत नाही. हक्क हातात आल्यावर गावांनी काय केलं, ते पाहायला हवं.

गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचं छोटं गाव. २००९ साली याच कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. इथे बांबूची कथा समजून घ्यायला हवी, कारण अख्ख्या वादाचं अर्थकारण तिच्यात आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला या भागातला बांबू दीर्घ मुदतीच्या करारानं तोडायला मिळत असे. आणि ज्यांच्या शिवारात तो उगवे, त्यांना त्याच तोडीवर मजुरी करायची मुभा होती. अशा स्थितीत बांबूचं बेट जपण्याचं कारण ना ठेकेदाराला असतं, ना मजुराला. हक्क मिळाल्यावरही दोन वर्षं मेंढ्याला बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. बांबू हे झाड आहे, गौण वनोपज नव्हे, असा खात्याचा युक्तिवाद होता. वास्तविक तो गवताच्या कुळातला, आणि वनहक्क कायद्यानं गौण वनोपजात त्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर ग्रामसभेनं स्वतः तोड ठरवली, लिलाव केला, पॅन क्रमांक काढला, हिशेब ठेवला. आणि २०१३ मध्ये याच गावानं आपली खासगी शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेकडे सोपवायचा निर्णय घेतला. जंगल वाटून घ्यायला टपलेल्यांची ही लक्षणं दिसत नाहीत.

एक गाव म्हणजे अपवाद, असं म्हणून हे उडवून लावता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजारेक हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाले. त्या ग्रामसभेनं एक असा ठराव केला जो कुठल्याही वनखात्याला कधी सुचलेला नाही: तेंदूपत्ता तोडायचाच नाही. तेंदू हे या पट्ट्यातलं उन्हाळ्यातलं सर्वांत भरवशाचं रोख उत्पन्न. पण कोवळी, मोठी पानं फुटावीत म्हणून झुडपं छाटतात आणि जमिनीला आग लावतात. पाचगावनं हिशेब केला की या आगीत बाकीचं जंगल जातं, टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, मिळत नाहीत, आणि बांबूवर भागू शकतं. वर ३४ हेक्टरचा एक तुकडा पूर्णपणे न तोडण्यासाठी राखून ठेवला. ‘आदिवासीच आगी लावतात’ हा आरोप अगदीच खोटा नाही. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखाली पाला जाळतात, आणि ती आग पसरते. पण तेंदूच्या आगीत ज्याचा फायदा तो ठेकेदार त्या आरोपात कधीच का दिसत नाही? आणि ती आग थांबवायची ताकद कुणात आहे, मोठ्या क्षेत्राला एक वनरक्षक नेमणाऱ्या खात्यात की छोट्याशा गावात, याचं उत्तर पाचगावनं दिलेलं आहे.

जगातला पुरावाही याच दिशेचा आहे. ब्राझीलमध्ये उपग्रह-चित्रांवरून जमीनवापर मोजणाऱ्या मॅपबायोमास या प्रकल्पानं १९९० ते २०२० या काळाचा ताळा मांडला, तेव्हा आदिवासी प्रदेशांत मूळ वनस्पती सुमारे १ टक्का घटली होती, तर खासगी जमिनींवर सुमारे २० टक्के. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच मुळी या कामासाठी: सामाईक मालमत्ता ओरबाडली जाणं अटळ नसतं, वापरणाऱ्यांना नियम करण्याचा आणि ते पाळून घेण्याचा अधिकार असला की ती टिकू शकते. वाघांचं काय, असं विचारणाऱ्यांनी कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनाथस्वामी मंदिर व्याघ्र प्रकल्पाकडे पाहावं. तिथल्या सोलिगांना २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आत सामूहिक हक्क मिळाले, आणि त्या काळात तिथली वाघांची अंदाजित संख्या वाढली. हक्कांमुळे वाघ वाढले असं कुणी म्हणत असेल तर तेही घाईचं. तेवढा पुरावा नाही. पण माणसं हटवल्याशिवाय वाघ जगणारच नाही, या ठाम विधानाला मात्र तिथे तडा गेला.

अतिक्रमणाची हरकत सगळ्यांत गंभीर आहे आणि तिला बगल देऊ नये. जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात जंगल साफ करून शेतं झाली आहेत, हे कुणी नाकारत नाही. तारखेनंतरची शेती जुनी म्हणून दाखवणारे दावेही येतात. पण अशा दाव्यांना नकार देण्याची सोय कायद्यातच आहे, आणि नकार दिलेही जातात. उलट तक्रार अशी आहे की नीट कारण न देता, सुनावणी न घेता ते दिले जातात. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा देशभरात दहा लाखांहून अधिक दावेदार त्याच्या कक्षेत येत होते. पंधरा दिवसांतच, २८ फेब्रुवारीला, न्यायालयानं स्वतःच त्याला स्थगिती दिली, कारण दावे फेटाळताना प्रक्रिया पाळली गेली का, हाच प्रश्न होता. अतिक्रमण रोखायचं तर जुन्या आणि नव्या कब्जातला फरक आधी नोंदवावा लागतो. तोच या कायद्याचा उद्देश आहे, आणि गावाला आपल्या हद्दीतलं जंगल राखायचा अधिकार मिळाला की नव्या कुऱ्हाडीला पहिला विरोध गावातूनच होतो.

याच्या अगदी उलट टोकाचा एक गोग्गोड गैरसमज आहे, आणि त्याचाही तितकाच कंटाळा येतो: आदिवासी हा जन्मतः निसर्गपूजक, भोळा, जंगलाचं लेकरू. माडिया समाजात पंडुम हा सण झाल्याशिवाय नवं फळ, नवं धान्य तोंडात घालत नाहीत, हे खरं. गावचा पुजारी, म्हणजे गायता किंवा भूमिया, तो दिवस ठरवतो, आणि परिणाम असा होतो की कच्चं फळ ओरबाडण्याची शर्यत लागत नाही. पण ही भाबडी पूजा नाही, सामाईक मालावरची शिस्त आहे, आणि शिस्त मोडतेही. पूर्वी डोंगरउतारावर जंगल जाळून पेंदा शेती होत असे. भामरागडच्या भागात शिकारीमुळे वन्यप्राणी विरळ झाले, ही वन्यजीव अभ्यासकांची तक्रारही निराधार नाही. कुणाला हक्क मिळावेत यासाठी तो संत असण्याची अट आपण इतर कुठल्या नागरिकाला घालतो? ऊस पिकवणाऱ्याला पाण्याच्या वापराबद्दल चारित्र्याचा दाखला मागत नाही.

काही किरकोळ समज भरभर निकालात काढू. आदिवासी म्हणजे वारली चित्रं, असं नाही. महाराष्ट्रात पंचेचाळीसच्या आसपास अनुसूचित जमाती आहेत, आणि माडिया, कोलाम, कातकरी यांचं जगणं एकमेकांपासून फार वेगळं आहे. माडिया आणि गोंडी मराठीच्या बोली नाहीत. त्या द्राविडी कुळातल्या भाषा आहेत. गोटुल म्हणजे काहीतरी चावट प्रकरण, ही परक्या लेखकांची देणगी. गडचिरोलीत ते गावाच्या बैठकीचं, नाचगाण्याचं, पाहुण्याला उतरवण्याचं ठिकाण आहे. आणि मेळघाट म्हणजे कुपोषण एवढीच ज्यांची तिथल्या कोरकू आदिवासींबद्दलची माहिती आहे, त्यांनी निदान नकाशावर मेळघाट शोधावा.

जंगल कोण तोडतं, या मूळ प्रश्नाकडे मात्र परत यायला हवं. गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ३४८ हेक्टरची लोहखनिजाची खाण सुरू आहे. त्या डोंगरावर परिसरातल्या सुमारे सत्तर गावांच्या ठाकूरदेवाचं ठाणं आहे आणि दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. आजूबाजूच्या आणखी खाणींना विरोध करण्यासाठी २०२३ मध्ये तोडगट्टा इथे माडिया गावांनी महिनोन्‌महिने ठिय्या दिला. खाणीमुळे रोजगार येतो, रस्ते येतात, हा युक्तिवाद खोटा नाही. त्या भागातल्या तरुणांना नोकरी हवी आहे आणि काहींना ती मिळालीही. प्रश्न विचारायचा कुणाला, हा आहे. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकानं वनजमीन वळवण्याच्या प्रस्तावाबरोबर ग्रामसभांची संमती जोडणं आवश्यक केलं होतं. त्याच सूत्रावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओडिशातल्या नियमगिरीचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी हा क्रम बदलला. आता केंद्राची अंतिम मंजुरी आधी मिळू शकते, आणि वनहक्कांची पूर्तता झाली की नाही हे राज्य सरकारनं नंतर, जमीन ताब्यात देण्याआधी, पाहायचं असतं. मंजुरी हातात असलेल्या प्रकल्पाला ग्रामसभेनं ‘नाही’ म्हटलं तर पुढे काय होणार, याबद्दल नियम काहीच सांगत नाहीत.