ट्रॅक्टर तोंड का उचलतो? दोन चाकी ट्रॉली जोडताना वजनाचा हिशेब

उसाने भरलेली ट्रॉली शेतातून रस्त्यावर चढताना ट्रॅक्टरची पुढची चाके अनेकदा जमिनीला जेमतेम टेकलेली असतात. काही चालकांना यात ट्रॅक्टरची ताकद दिसते. प्रत्यक्षात त्या वेळी स्टेअरिंग काम करत नसते आणि क्लच झटक्यात सोडला तर ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

दोन चाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या हूकवर येतो. हूक मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्याने तो भार पुढची चाके हलकी करतो. समजा, ट्रॅक्टर 2000 किलोचा आहे आणि त्यातले 750 किलो पुढच्या चाकांवर आहेत. पुढच्या-मागच्या ॲक्सलमधील अंतर 2 मीटर, हूक मागच्या ॲक्सलपासून 60 सेंमी मागे. हूकवर 900 किलो भार आला, की पुढचे 270 किलो कमी होतात, उरतात 480. आता चढावर 1000 किलोचा ओढा लागला आणि हूक जमिनीपासून 40 सेंमी उंच असेल, तर आणखी 200 किलो जातात. हाच हूक पट्ट्या जोडून 60 सेंमीवर नेला, तर 300 जातात आणि पुढे उरतात फक्त 180 किलो. उभ्या चढामुळे मागे सरकणारे वजन यात धरलेलेच नाही.

पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान पाचवा भाग, म्हणजे इथे 400 किलो, राहायला हवा.

म्हणून हूकची उंची कंपनीने दिली तीच ठेवावी. ट्रॉलीची दांडी जुळत नसेल तर बदल दांडीत करून घ्यावा, ट्रॅक्टरच्या हूकमध्ये नाही. टॉप लिंकच्या जागी किंवा ॲक्सलला साखळी बांधून ओढणे तर सरळ जिवाशी खेळ आहे.

भरणीबाबत बैलगाडीचा जुना नियमच लागू पडतो. माल पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर बसते, मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. ट्रॉली उलाळ झाली तर हूक वर उचलला जातो आणि मागच्या चाकांची पकड सुटते. त्यामुळे जड माल ट्रॉलीच्या ॲक्सलच्या किंचित पुढे ठेवावा. उतरवताना पुढचा माल आधी काढू नये. भरलेली ट्रॉली टेकू न देता सोडू नये.

एवढे करूनही पुढचा भाग हलका वाटला, तर बंपरवर लोखंडी वजने लावावीत. वरच्याच ट्रॅक्टरवर पुढच्या ॲक्सलच्या 60 सेंमी पुढे लावलेले 100 किलो पुढच्या चाकांवर 130 किलोचे काम करतात. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्याने पकड वाढते, पण पुढची चाके जड होत नाहीत. हा गैरसमज बराच पसरलेला आहे.

अमेरिकेत पिकअपमागे ट्रेलर जोडताना स्प्रिंगच्या दांड्या असलेला हिच वापरून काही भार पुढच्या चाकांवर ढकलतात. आपल्या ट्रॅक्टरला तशी सोय नसते.

खात्री करायची तर वजनकाट्यावर जावे. ट्रॉली भरून, जोडलेली असतानाच, फक्त पुढची दोन चाके काट्यावर चढवून वजन घ्यावे. कृषी सहायकांनी हंगामाआधी गावातल्या दोन-तीन ट्रॅक्टरवर हे करून दाखवले, तर आकडा चालकांना स्वतःच वाचता येतो. मात्र हे वजन सपाटीवरचे असते. आपला रस्ता चढाचा असेल तर 400 ऐवजी 600 किलोच्या आसपास आकडा हवा.